थिजलेला राजा आणि तिरका बांबू

कोणे एके काळी, म्हणजे खोटं सांगितलं तरी पकडायला साक्षीदार उरलेला नाही इतक्या जुन्या काळी, नदीकाठच्या एका गावात एक म्हातारी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करत असे.

नवरा गेला तेव्हा तिच्यासाठी त्याने मागे काय ठेवलं, तर स्वतःच्या हाताने कोरलेला पेटाराभर दरबार. त्यात राजा होता, राणी होती, प्रधान होता, पोट सुटलेला कोतवाल होता. शिवाय दोन मुलगे होते. मुलगेही थोडेसे लाकडाचेच होते, पण ते म्हातारीसमोर बोलायची सोय नव्हती. थोरल्याची बायको तेवढी हाडामांसाची आणि कानाची तिखट.

इतर गावांत लोक बाहुल्यांचा खेळ मुकाट बघतात. हे गाव तसलं नव्हे. इथले लोक खेळाला हुकूम सोडत. कुणी ओरडलं, "राजा, नाच!" की राजाने नाचायचं. कुणी म्हटलं, "राणीसाहेब, रुसा!" की राणीने पाठ फिरवायची. बायकोपुढे ज्यांचा शब्द चालत नसे, ते जत्रेत राजाला हुकूम सोडून हौस भागवून घेत. हसू नका, तुमच्यातलेही दोनचार तिथे दिसले असते.

आणि गावची रीत कडक होती. खेळ सुरू झाला की पाटलाने तोंडात विडा टाकायचा. विडा चघळून संपेपर्यंत राजा एकदा तरी हलला, तर विडा थुंकून नवा घ्यायचा. हलला नाही, तर बाहुल्यांचा जीव गेला असं समजायचं. जीव गेलेल्या बाहुल्या नदीत सोडायच्या आणि मांडवाची जागा दुसऱ्या मेळ्याला द्यायची.

पाटलाच्या तोंडात एकही दात नव्हता, ही म्हातारीवर देवाची कृपा.

जत्रेच्या पहिल्या दिवशी दुपारी खेळ रंगात आला. एक तेली ओरडला, "राजा, हत्तीवर बस की!"

म्हातारी पडली जातीची खेळकरी. तिने दोऱ्या खुंटीला टांगल्या आणि हत्ती शोधायला स्वतः मागे गेली. हत्ती पेटाऱ्याच्या तळाशी, त्याची सोंड निखळलेली. ती सोंड शिवायला बसली. मग लक्षात आलं की एक कानही उंदराने खाल्लाय. ती कान कापायला बसली.

इकडे राजा एक हात वर करून उभा तो उभाच.

"राजा, नाच!" लोक ओरडले. राजा ढिम्म.

"राजा, सलाम कर!" ढिम्म.

"मेला का झोपला रे हा?"

"राणीने कानाखाली वाजवली असंल!"

कुणी खडे मारले, कुणी चौकट हलवली. एकच हुकूम लोकांनी दहादा सोडला, जणू ओरडल्याने लाकडाला कान फुटतात. म्हातारी हत्ती घेऊन धावत आली तेव्हा पाटलाच्या गालात चिमूटभर विडा उरला होता. मग तिने तुंबलेले सगळे हुकूम एका दमात उरकले. राजा नाचला, सलाम केला, पुन्हा नाचला, दहा सलाम आणखी केले आणि ज्यांना ते हवे होते ते तेव्हा भजी खायला गेले होते.

त्या संध्याकाळी थोरला म्हणाला, "आई, तू एकटी पुरी पडत नाहीस. उद्या आम्ही पण दोऱ्या ओढतो."

धाकटा म्हणाला, "दोन हातांनी खेळ अडतो, सहा हातांनी उडेल."

म्हातारीलाही ते पटलं. गणित बरोबरच होतं. जगातली निम्मी वाटोळी बरोबर गणितानेच झालीत.

दुसऱ्या दिवशी सहा हात दोऱ्यांवर पडले. थोरला राजाला बसवू लागला, त्याच दमाला धाकटा उठवू लागला. राजा मधल्यामध्ये असा काही वाकला की वैद्यबुवा प्रेक्षकांतून उठून उभे राहिले. राणीचा पदर हत्तीच्या सोंडेत गेला. कोतवालाचं मुंडकं प्रधानाच्या हातात आलं आणि प्रधान ते घेऊन नाचू लागला, कारण कुणीतरी त्याला नाचायचा हुकूम सोडला होता.

"थांबा!" थोरला म्हणाला. "नियम करू. राजाला हलवायचं तर आधी हा पांढरा मणी हातात घ्यायचा. राणीला हलवायचं तर हा तांबडा. मणी ज्याच्या हाती, दोरी त्याची."

नियम मोठा शहाणपणाचा वाटला. तेवढ्यात समोरून आरोळी आली, "राजाराणीची फुगडी!"

फुगडीला दोन्ही मणी हवे. थोरल्याने झटकन पांढरा उचलला, धाकट्याने तांबडा.

"तांबडा दे," थोरला म्हणाला.

"तू पांढरा दे."

"मी थोरला आहे."

"म्हणून तर तू द्यायचा. मोठ्यानं सोडायचं असतं."

"आधी तू सोड, मग मी सोडतो."

"मला काय खुळा समजलास?"

दोघे मुठी आवळून एकमेकांकडे बघत बसले. मांडवात राजा आणि राणी हात पसरून, एकेक पाय उचलून थिजली. दोघांपैकी कुणी चुकीचं वागत नव्हतं बरं का, दोघेही नियम पाळत होते.

म्हातारीने शेवटी दोघांच्या मुठी फोडून मणी हिसकले आणि राजाला कसाबसा हलवला. पाटलाचा विडा खरं तर संपला होता. पण सुपारीचं एक खांड हिरडीत अडकलं होतं, त्या खांडावर दरबार वाचला.

नदीपलीकडच्या मेळ्याचा नाईक हे बघत बसला होता. त्याला जागा हवी होती. तो उठून म्हणाला, "पाटीलबाबा, राग मानू नका. पण दात नसलेल्याने विडा चघळायचा, हा कुठला न्याय? उद्या विडा आमच्या पैलवानाला द्या. त्याचे बत्तीस शाबूत आहेत."

गावाला न्यायापेक्षा मजा प्यारी. सगळे म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे!"

म्हातारी घरी आली आणि पेटारा उघडून राजाचं तोंड बघत बसली. नवऱ्याने राजाला नाक स्वतःचंच दिलं होतं, वाकडं. ते नाक नदीतून वाहत जाताना तिला दिसलं. तिने पेटारा धाडकन मिटला.

"ऐका," ती म्हणाली. "उद्यापासून दोऱ्यांना हात फक्त माझा. राजाच्या नाकावर माशी बसली तरी तुम्ही ती हाकलायची नाही."

"अन् हत्ती लागला की?" धाकट्याने विचारलं. "पुन्हा तूच मागं पळणार?"

"नाही. ती माझी चूक होती. दोऱ्या जिच्या हातात, तिने पेटाऱ्यात डोकं घालायचं नाही. कोरणं, शिवणं, रंगवणं तुम्ही मागं करा, लागेल तेवढा वेळ लावा. पण झालं की मांडवात घुसायचं नाही आणि माझ्या कानाशी कोकलायचंही नाही."

"मग तुला कळायचं कसं?"

म्हातारीने एक लांब बांबू आणला. त्याचं एक टोक मागे पोरांच्या बसायच्या जागी उंच बांधलं, दुसरं तिच्या हाताशी खाली. सुनेच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या मागून घेतल्या.

"जे तयार होईल ते बांगडीला बांधायचं आणि बांगडी बांबूवर ओवून वरून सोडायची. घसरत माझ्यापाशी येईल. आधी आलेलं पुढं, नंतरचं त्याच्या मागं. सूनबाई, तू लोकांचे हुकूम ऐक. नाचाला घुंगरू, सलामाला पान, भांडणाला मिरची. तेही त्याच बांबूवर. मी खालची एक बांगडी काढीन, तेवढंच करीन, की दुसरी काढीन."

"आणि आत्याबाई, कुणी पाटलाचा जावई मोठ्यानं ओरडला तर?"

"तर त्याची बांगडी मोठी होत नाही, पोरी."

तिसऱ्या दिवशी पैलवान विड्यांचं ताट घेऊन पहिल्या रांगेत बसला. एका विड्याला त्याला चार चावे पुरत. नाईकाने आपला एक माणूस गर्दीत पेरला होता. खेळ सुरू होताच तो ओरडला, "राजाची स्वारी निघू दे! हत्ती, घोडे, पालखी, सगळं!"

लोक हरखले. पेटाऱ्यात घोडा एकही नव्हता.

मागे थोरल्याने लाकडाला पटाशी लावली, धाकट्याने रंग कालवला. म्हातारी जागची हलली नाही. राजाने मान वळवली आणि तिच्या आवाजात म्हणाला, "स्वारी निघतेय! हत्तीला अंघोळ चाललीय!" लोक हसले. पैलवानाने विडा थुंकला, नवा घेतला.

घुंगरू आलं, राजा नाचला. पान आलं, राजाने वाकून पैलवानालाच सलाम केला. हत्ती घसरत आला, राजा त्यावर चढला. मिरची आली, राणी म्हणाली, "मला सोडून एकटेच बसलात?" पैलवान थुंकत होता आणि घेत होता. नाईकाचा चेहरा लांबत चालला.

"पहिला घोडा होतोय!" राजा ओरडला. "तीन पाय झाले, चौथा लावतोय!"

आणि तेव्हाच मागून थोरल्याची किंकाळी आली.

"आई गं!"

पटाशी निसटली होती. म्हातारीच्या हातातल्या सगळ्या दोऱ्या एकदम ताठ झाल्या. पाय आपोआप वळले. धाकटा ओरडला, "आई, लई रगत आलंय!"

समोर पैलवान चौथा चावा घ्यायच्या बेतात होता.

म्हातारीने दात आवळले. एक पाऊल मागे पडलं होतं, ते तिने उचलून पुन्हा जागी ठेवलं. "धाकट्या," ती मागे न बघता म्हणाली, "हात बांध त्याचा, घट्ट धर. सूनबाई, हळद घेऊन तूही जा. आणि मला कळवायचं ते बांबूवरून कळवा."

तिने बांगडी काढली. घुंगरू होतं. पोराचं रक्त वाहत असताना तिने राजाला नाचवला. पुढची काढली. पान. सलाम केला. आणखी एक घुंगरू. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, तर ते तसंच गळू दिलं. प्रत्येक बांगडी काढताना तिला वाटे, आता पोराची खबर येईल. आणि ती यायच्या आधी मिरची होती, मग दुसरी मिरची. राणीने दोनदा भांडून घेतलं.

मग एक बांगडी आली. तिला रक्ताने माखलेली चिंधी बांधलेली होती. आणि गाठ उलटी होती.

उलटी गाठ घरात एकटा थोरलाच मारत असे. लहानपणापासून कान पिळूनही सुधारली नव्हती. म्हणजे त्याने ती स्वतःच्या हातांनी मारली होती. बोटं जागेवर होती.

राजाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"राजा रडतोय का?" कुणी विचारलं.

"शिंक आलीय," राजा म्हणाला, जरा घोगऱ्या आवाजात.

त्या बांगडीमागून चार पायांचा घोडा घसरत आला. मग दुसरा, धाकट्याने कोरलेला, गाढवासारखा. मग पालखी. स्वारी मांडवभर फिरली. शेवटच्या भोयाने पाय उचलला तेव्हा पैलवान तोंड उघडं टाकून बसला होता. एवढ्या विड्यांच्या चुन्याने त्याची जीभ सोलून निघाली होती. नवा विडा पुढे आला तसा त्याने ताट ढकललं आणि हातवारे करून कबूल केलं की हा राजा काही मरत नाही. नाईक ताटातला एक विडा घेऊन पलीकडे निघून गेला, म्हणजे अगदीच रिकाम्या हाताने नको.

खेळ संपला, पडदा पडला, मगच म्हातारीने दोऱ्या सोडल्या. ती मागे गेली, थोरल्याच्या डोक्यात एक टपली मारली आणि मग त्याचा बांधलेला हात मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिली. त्या मेळ्यात पुढे दुसऱ्या कुणी दोरीला हात लावला नाही, आणि मांडवाची जागा त्या घरातून कधी गेली नाही.

आणि शहाण्यांनो, तुमच्या टेबलावरच्या संगणकाची खिडकी मधूनच थिजते, तुम्ही माऊस आपटता, एकच बटण दहादा दाबता, तेव्हा त्याला शिव्या देऊ नका. आतली म्हातारी दोऱ्या खुंटीला टांगून हत्तीची सोंड शिवायला गेलेली असते. खिडकी बनवणाऱ्याने तिला तिरका बांबू दिलेला नसतो, एवढंच.

बोध: कष्टाला हात कितीही लावा, पण दोरी एकाच्याच हाती ठेवा, आणि दोरी ज्याच्या हाती, त्याने जागा सोडू नये.