केसोबुवा भात्यावर बसले

तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या एका गावात केसोबुवा नावाचे पखवाजवादक राहत होते. त्यांचं नाव दूरवर पोचलेलं होतं. राजेसाहेबांच्या वसंतोत्सवात पहिली बैठक दरवर्षी त्यांचीच असे.

एके दिवशी सकाळी बुवा तांबट आळीतून चालले होते. दोन्ही बाजूंना हातोड्यांचा ठणठणाट चालू होता. त्या गोंगाटात एका दुकानातून मात्र वेगळाच आवाज येत होता. कुणीतरी बोटांनी घागर वाजवत होतं. ठोके मोजून मापून पडत होते, मध्येच वळण घेत होते आणि बरोबर ठरल्या जागी परत येत होते. बुवा भर रस्त्यात उभे राहिले.

ते दुकान भिवा तांबटाचं होतं. आत भात्यापाशी त्याची दहा वर्षांची मुलगी बसली होती. तिचं नाव ठकू. भट्टी पेटती ठेवायला भाता ओढायचा, हे तिचं काम. बाप घडवलेलं भांडं तपासू लागला की तेवढ्या वेळात ती शेजारची घागर मांडीवर घ्यायची.

"हे तुला कुणी शिकवलं?" बुवांनी विचारलं.

"कुणी नाही. देवळात तुम्ही वाजवता ना, ते ऐकून ऐकून," ठकू म्हणाली आणि तिनं घाबरून घागर खाली ठेवली.

बुवा भिवाकडे वळले. "भिवा, ही पोर मला दे. रोज सकाळी दोन तास. मी तिला पखवाज शिकवतो."

भिवानं हात जोडले. "बुवा, तुम्ही मोठे. पण सकाळीच माझी भट्टी असते. तिची आई भांडी घेऊन बाजारात जाते. ही उठली तर भाता कोण ओढणार? आणि मुलीच्या जातीनं पखवाज शिकून करायचं काय?"

"करायचं काय ते तिचं ती ठरवेल," बुवा म्हणाले. "भात्याचं बोल. तो मी ओढला तर?"

भिवाला ती थट्टा वाटली. तो हसला.

पण दुसऱ्या दिवशी उजाडताच केसोबुवा धोतर खोचून दुकानात हजर झाले. त्यांनी ठकूला भात्यापासून उठवलं आणि स्वतः भात्याची दोरी धरली. "जा, माझ्या अंगणात जाऊन बस. आता सांगतो ते बोल शंभर वेळा तोंडानं म्हण. मी आलो की हातानं वाजवायचे."

असं रोज सुरू झालं. सकाळचे दोन तास बुवा भाता ओढत आणि ठकू रियाज करी. दुपारी भट्टी निवली की बुवा तिला समोर बसवून शिकवत. तिचे हात पखवाजाच्या दोन्ही तोंडांना पुरत नव्हते, म्हणून त्यांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाचं पखवाजाचं छोटं खोड कोरून घेतलं आणि त्यावर कातडं मढवून घेतलं.

गावात हसं झालं. बुवांचे दोन मोठे शिष्य चिडले. "तुमच्या या हातांना घट्टे पडले तर वाजवणार कसं? लोक आम्हाला विचारतात, तुमचे गुरू तांबट कधी झाले?"

"त्यांना सांगा, झाले," बुवा म्हणाले.

त्या दोघांनी गुरू बदलला. बुवांना वाईट वाटलं, धुरानं त्यांना खोकलाही लागला. पण एकही सकाळ चुकली नाही.

अशी तीन वर्षं गेली. ठकूच्या हातात आता गोडवाही आला होता आणि जोरही. वसंतोत्सवाचं बोलावणं आलं तेव्हा बुवा तिला आणि भिवाला घेऊन दरबारात गेले. "महाराज, या वर्षी पहिल्या बैठकीला माझ्याऐवजी माझी शिष्या वाजवेल."

राजेसाहेबांनी ठकूकडे पाहिलं. "ही? बुवा, लोक लांबून तुम्हाला ऐकायला येतात. तुमच्या शब्दाखातर बसवतो. पण हिचा ताल चुकला, तर पुढच्या वर्षी पहिला मान तुम्हाला मिळणार नाही."

"मंजूर," बुवा म्हणाले.

सभा भरली. ठकू वाजवू लागली. तिची सुरुवात ऐकून लोक सरसावून बसले. भिवाचे डोळे भरून आले. आणि नेमकं तेव्हाच, एका अवघड वळणावर, तिचा हात घसरला. एक ठोका मागे पडला, मग दुसरा. ठकूचे हात थांबले. सभेत कुजबुज सुरू झाली.

बुवा तिच्या शेजारीच बसले होते. पखवाज त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. भिवा मागून पुटपुटला, "बुवा, घ्या ना तुम्ही! सावरून घ्या!"

बुवांनी पखवाजाला हात लावला नाही. ते शांतपणे टाळी देऊन ताल मोजत राहिले, जणू काही झालंच नाही. एक आवर्तन गेलं. ठकूनं त्यांच्याकडे पाहिलं. बुवांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना घाई. दुसरं आवर्तन गेलं. तिसऱ्याच्या सुरुवातीला ठकूनं श्वास घेतला आणि बरोबर त्यांच्या टाळीवर थाप टाकली. मग ती अशी वाजवत सुटली की कुजबुजणारे गप्प झाले. जिथे हात घसरला होता, ते वळण तिनं पुन्हा घेतलं आणि या वेळी सहज पार केलं.

सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. राजेसाहेबही खूश झाले, पण म्हणाले, "बुवा, अट ती अट. ताल चुकला."

"चुकला, महाराज."

"मग तुम्ही पखवाज हाती का घेतला नाहीत? सावरून घेतलं असतंत, तर मी ती चूक धरली नसती, तुमचा मान वाचला असता."

बुवा म्हणाले, "मान वाचला असता. पण मी पखवाज घेतला असता, तर ही पोर पुन्हा कधी त्याला शिवली नसती."

पुढच्या वर्षी पहिला मान खरंच दुसऱ्या वादकाला मिळाला. केसोबुवा श्रोत्यांत बसून ऐकत होते आणि मोकळेपणानं दाद देत होते. मात्र त्या वर्षात पाच गावांतले आईबाप आपली मुलं घेऊन त्यांच्या अंगणात आले. बुवांनी कुणालाही परत पाठवलं नाही. नव्या मुलांना मांडी घालून बसायला ठकू शिकवत असे. पुढे ती इतकी मोठी वादक झाली, की तिला ऐकायला दूरदूरचे कलावंत त्या गावी येऊ लागले.

एकदा आळीतल्या एकानं भिवाला डिवचलं, "काय रे, तुझी मुलगी भर दरबारात चुकली होती म्हणे?"

भिवानं हातोडा खाली ठेवला. "हो, चुकली होती. आणि मग पुन्हा वाजवायला लागली. तुला सांगणाऱ्याचं तेवढंच सांगायचं राहिलं."

तात्पर्य एवढंच: गुणी मुलाला सुरुवात करता यावी म्हणून त्याच्या वाट्याचं ओझं थोडं आपण उचलावं, पण ते अडखळलं तर त्याची जागा घेऊ नये, ते सावरेपर्यंत शेजारी बसून राहावं.