लिंक कोणी उघडली?

सोमवारी सकाळी गजकेसरी चिवडा कंपनीतले सगळे कॉम्प्युटर एकदम कुलूपबंद झाले आणि प्रत्येक पडद्यावर खंडणीची चिठ्ठी झळकली. चाळीस हजार गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर चोरांच्या हाती गेले होते.

मालक गुणवंतराव भडकले. "कोणीतरी चोरांची लिंक उघडलीय. पाच वाजेपर्यंत मला नाव पाहिजे. त्याला आजच घरी पाठवणार. नाव कळलं नाही, तर ऑफिसातले अकराही जण घरी!"

पुण्याहून आलेल्या तज्ज्ञाने हात टेकले. "शोधायला आठवडा तरी लागेल."

कँटीन सांभाळणाऱ्या शेवंताबाईंनी हे सगळं ऐकलं. त्या अकरांत त्यांची थोरली लेक होती. तज्ज्ञाला चहा देता देता त्यांनी विचारलं, "चोरांनी आमिष काय दाखवलं होतं हो?"

"उद्योगसम्राट पुरस्कार. शाल, श्रीफळ, मंत्र्यांच्या हस्ते सत्कार. फक्त कंपनीची माहिती भरून द्यायची. एकाच्या मोबाइलवर तो मेल सापडला. आला होता सगळ्यांनाच."

शेवंताबाई विचारात पडल्या. ऑफिसातली पोरं फुकटच्या मिक्सरला भुलली असती. सत्काराची भूक इथे कोणाला होती?

पावणेपाचला मालकांच्या केबिनमध्ये अकराही जण माना खाली घालून उभे होते. तज्ज्ञही होता. शेवंताबाई नारळ आणि शाल ठेवलेलं ताट घेऊन आत शिरल्या.

"साहेब, पुरस्कारवाले आलेत. खाली थांबलेत."

गुणवंतराव ताडकन उठले. केसांवरून कंगवा फिरवला, कोटाचं बटण लावलं. "आज कसे काय? मला तर शनिवार कळवला होता."

तज्ज्ञ खाली न पडलेलं पेन शोधायला वाकला.

"कोणी कळवलं, साहेब?"

"अहो, फॉर्म भरल्या भरल्या उत्तर..." गुणवंतरावांचा आवाज विरत गेला.

शेवंताबाईंनी ताट टेबलावर ठेवलं. "लिंक उघडणाऱ्याला आजच घरी पाठवायचं, हे तुम्हीच ठरवलंत. ड्रायव्हरला गाडी काढायला सांगू?"

गुणवंतराव आधी लालबुंद झाले, मग खुर्चीत बसून पोट धरून हसू लागले. ते पाहून बाकीच्यांनीही दाबून धरलेलं हसू सोडून दिलं.

अकराही जणांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या. गिऱ्हाइकांना सावध करणारे फोन मालक स्वतः करायला बसले. शेवंताबाईंचा पगार दुप्पट झाला आणि साहेबांना येणारा प्रत्येक मेल आधी त्यांनी वाचायचा, असा हुकूम निघाला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साहेबांचे दोन पुरस्कार, एक लॉटरी आणि एका परदेशी विधवेची अख्खी इस्टेट पुसून टाकली.