पैलवान सीटवर बसला

नदीकाठच्या एका गावात भुजंगराव नावाचा एक माजी पैलवान राहत होता. उमेदीच्या काळात त्याने पंचक्रोशीतली एकही कुस्ती सोडली नव्हती, आणि त्याची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे, त्यामुळे गावात कुणालाच ते विसरता येत नसे.

त्याची सून शेवंता तालुक्याच्या गावची. तिच्या वडिलांचे गॅरेज होते आणि लहानपणापासून ती तिथे कामाला हात लावत आली होती. लग्न होताच भुजंगरावाने बजावले, "आपल्या घरात बाईमाणसानं गाडीच्या कामाला हात लावायचा नाही." तेव्हापासून शेवंताने पान्याला हात लावला नव्हता.

एके दिवशी भुजंगरावाची गाभण गाय कोवळा लसूणघास भरमसाट खाऊन फुगली. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली, जीभ बाहेर आली. निरोप मिळताच गुरांचे डॉक्टर मोटरसायकलवरून धावत आले. पोटातला वायू काढायची जाड सुई त्यांनी सीटखालच्या कप्प्यात ठेवली होती. घाईत वर रेनकोटही कोंबला होता. आता किल्ली काही फिरेना आणि सीट काही उघडेना.

"सरका!" म्हणत भुजंगराव पुढे झाला. त्याने सीट धरून अशी ओढली की मोटरसायकलच उचलली गेली. सीट हलली नाही. मग चार जण लागले. एकाने पहार आणली. गायीचा श्वास तुटू लागला.

शेवंताला राहवेना. ती पुढे आली, मागच्या चाकाकडून हात घालून तिने सीटची कडी चाचपली आणि म्हणाली, "मामंजी, ओढू नका. वर बसा."

लोक हसले. भुजंगरावाच्या कपाळाची शीर तटतटली. आजवर त्याला असे फर्मावण्याची कुणाची छाती झाली नव्हती. त्याने एकदा लोकांकडे पाहिले, एकदा गायीकडे. तिचे डोळे पांढरे होत चालले होते.

तो मुकाट्याने सीटवर बसला.

"आतल्या रेनकोटानं सीट वर रेटलीय, म्हणून कडी आवळलीय," शेवंता म्हणाली. "तुम्ही ओढाल तेवढी ती जास्त आवळंल. आता सगळा भार खाली द्या."

भुजंगरावाने सगळा भार खाली दिला. शेवंताने किल्ली हलकेच फिरवली. खट्! "आता उठा," ती म्हणाली. सीट डब्याच्या झाकणासारखी अलगद निघाली.

डॉक्टरांनी सुई काढून कुशीत टोचली. फुस्सकन वायू सुटला. थोड्या वेळाने गाय धडपडत उभी राहिली आणि भुजंगरावाचा जीव भांड्यात पडला.

शेजारचा गणबा मिशीत हसत म्हणाला, "काय पैलवान, सुनेचा हुकूम मानला की आज!"

"मानला!" भुजंगराव छाती काढून गरजला. "चार गडी आन् पहार हरली, तिथं माझी सून जिंकली. हाय का तुझ्या घरात अशी?"

शेवंताचे हात तेलाने काळेकुट्ट झाले होते. ती धुवायला हौदाकडे निघाली, तसा त्याने तिला थांबवले.

"इतक्यात धुऊ नगं, पोरी. आधी साऱ्या गावाला बघू दे."

तात्पर्य: अडल्या वेळी नुसता जोर कामी येत नाही, जाणत्याचे ऐकावे लागते, आणि तो जाणता आपल्याच घरातला असेल, तर त्याचे ऐकण्यात कमीपणा नाही, अभिमान आहे.