मामांनी दिलेलं कासव

एका गावात एक भोळा जावई होता. नाव त्याचं लहानू. तसे जावई सगळ्याच गावांत असतात, पण हा सांगितलेलं ऐकायचा. तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एके दिवशी त्याचे सासरे रावबा आले, ओसरीवर एक कासव ठेवलं आणि म्हणाले, "जावईबापू, ह्ये सांभाळा. पुढच्या बाजाराला मी येतो. तवर ह्यानं खाल्लं, तर ह्ये बी इथंच ऱ्हाईल आन् माझी कौतिका बी. न्हाई खाल्लं, तर दोघांना बी घेऊन जाईन. ज्या घरात कासव रुळत न्हाई, तिथं लेक काय रुळंल?"

कौतिका म्हणजे लहानूची बायको. तिच्यावाचून त्याला चहासुद्धा गोड लागायचा नाही. साखर कुठं ठेवलीय हे तिलाच ठाऊक होतं ना!

कासवानं मान आत घेतली ती घेतलीच.

"अहो, नवं हाय, बुजलंय ते," कौतिका म्हणाली. "त्याच्याम्होरं मेथी टाका आन् तोंड फिरवून बसा. कुणी बघत बसलं की ते खात न्हाई."

"बरं," लहानू म्हणाला.

त्यानं मेथी टाकली आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मागं कचकच आवाज आला. लहानूला असा आनंद झाला, की विचारू नका. पण वळून बघायचं नव्हतं. कौतिकानं येऊन बघितलं, तर शेजारची शेळी शेवटची काडी चघळत होती.

"अहो, काठी घेऊन बसावं! खाण्यात दुसऱ्या कुणी तोंड घातलं, की हाणावी!"

"बरं."

दुपारी शेजारचे दौलततात्या जेवायला आले. कौतिकानंच बोलावलं होतं. लहानू त्यांच्या ताटाशी काठी घेऊन बसला. ज्वारी आपली, चूल आपली, आणि तोंड मात्र दुसऱ्याचं. तात्यांनी पहिला घास उचलला आणि लहानूनं काठी हाणली.

तात्या उपाशीच गेले, हात चोळत.

"अहो, पाव्हण्याला मारत्यात व्हय?" कौतिकानं कपाळावर हात मारला. "आग्रह करावा! नको म्हणालं तरी वाढत ऱ्हावं!"

"बरं."

संध्याकाळी लहानू कासवापुढं मांडी घालून बसला. "घ्या की. लाजू नका." कासव गप्प. "एवढी जुडी तरी घ्याच. माझ्या गळ्याची शपथ." कासव गप्प. नको म्हणत असेल बिचारं, असं समजून लहानू वाढत राहिला. परसातली मेथी संपली. मग शेपू वाढला. मग पालक. कौतिका आली तेव्हा ओसरीवर नुसता भाजीचा ढीग होता आणि कासव कुठंतरी खाली.

तिनं ते उकरून काढलं. "अगं बाई, गारठलं की हो! गार अंगाला भूक लागत न्हाई. उंचावर, कडक उन्हात ठेवावं. पाठ तापली की आपसूक तोंड उघडतं. आन् खाली उतरू देऊ नये."

"बरं."

बाजाराचा दिवस उजाडला. कौतिका नदीवर धुणं घेऊन गेली, आणि इकडं रावबा आले. लहानूनं ताट वाढलं. रावबांनी हात जोडले.

"न्हाई जावईबापू. लेकीला मूल होईस्तवर बाप तिच्या घरचं पाणी बी पीत न्हाई. रीतच हाय."

लहानूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवून बघितला. पाठ गार होती.

सासरे अंगानं किरकोळ. लहानूनं त्यांना खांद्यावर टाकलं, शिडी चढला आणि कडब्याच्या उंच गंजीवर नेऊन ठेवलं. स्वतः उतरला आणि शिडी काढून घेतली. वर ऊन मी म्हणत होतं. रावबांनी आधी जावईबापू म्हणून हाका मारल्या, मग नुसतं लहान्या म्हणून, आणि मग त्याचा बाप काढला. लहानू खूश झाला. तोंड उघडलं होतं! त्यानं मेथीच्या जुड्या वर फेकल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

ऊन कलायला लागलं तेव्हा कौतिका ओलं धुणं घेऊन परतली. गंजीवर तिचा बाप रीतभात विसरून कच्ची मेथी चावत होता. वरून पानं गळत होती आणि खाली कासव मान लांब काढून ती मजेत खात होतं. पण कासवाकडं बघायला होतं कोण?

"अहो, आबा वर कसे?"

"हळू बोल, बुजतील," लहानू कुजबुजला. "आत्ता कुठं खायला लागल्यात."

"अहो, खाली घ्या त्यांना! घरी जायचंय त्यांना!"

"आता कशाला जातील?" लहानू म्हणाला. "खाल्लं तर इथंच ऱ्हायचं, हे मामांनीच सांगितलंय. शिडी मी फोडून चुलीत घातली."