कबुतरखान्याची मुदतवाढ

"भट्टी हलव! दसऱ्याला पट्ट्याची मुदत संपतेय. तुझ्या धुराने माझ्या कबुतरांचे डोळे चुरचुरतात!" गजेंद्रराजे भर दरबारात कडाडले.

समोर उभी होती हौसा भडभुंजीण. ही जागा तिच्या आजेसासऱ्यांना जुन्या राजांनी ठरावीक मुदतीच्या लेखी पट्ट्याने दिली होती. तिथे चुरमुरे-फुटाणे भाजून तिचं घर चालायचं. भट्टी गेली की सासूसकट सगळे उघड्यावर!

"महाराज, मुदत वाढवून द्या," ती म्हणाली.

"अशी कशी देऊ? पट्ट्याबद्दल बोलायला जाणकार लागतो. खरा जाणकार निवडून आण, मुदत वाढवतो. खोटा निवडलास तर भट्टी उखडून टाकीन!"

"पण खरा कोणता ते ओळखायचं, तर ती विद्या आधी मलाच यायला हवी ना!"

"येत नाही ना?" राजे मिशीत हसले. "मग बस रडत!"

हौसाला रडायला वेळ कुठे होता? भट्टीवर वाळू तापत होती.

राजधानीत पट्ट्यांचे जाणकार म्हणजे पैशाला पासरी! त्यांतले सगळ्यांत मोठे भालदेवशास्त्री. मोठे म्हणजे पोटाने. दारावरची पदव्यांची पाटी एवढी लांब की वाचून होईस्तोवर माणसाला भूक लागावी. मेण्याशिवाय कुठे हलायचे नाहीत. जमिनीचे जाणकार ना ते, जमिनीला पाय कसा लावतील!

हौसा चुरमुऱ्याच्या लाडवांची टोपली घेऊन गेली. "शास्त्रीबुवा, जागा बघायला चला."

"येतो. पण उतरणार नाही हं! चिखल असतो."

हौसा मेण्यापुढे चालू लागली. भट्टीकडे वळायचं सोडून तिने भोयांना भलत्याच बोळात नेलं, राजांच्या कबुतरखान्याच्या मागच्या भिंतीपाशी!

"हीच जागा, बुवा."

बुवांनी पडदा दोन बोटं सरकवला. तोंडात लाडू होता. "बघितली! पोरी, निर्धास्त राहा. जागा तुझीच, मुदतवाढ पक्की!"

"पट्टा वाचता का?"

"वाचायचा कशाला? माणसाचं तोंड बघून पट्टा ओळखतो मी!"

आणि आणखी एक लाडू उचलून स्वारी निघून गेली. विद्वान माणूस!

दुसरे त्र्यंबकपंत. हे राजांच्या मेहुण्याचे मेहुणे, आणि तेवढीच त्यांची विद्या. हौसाने त्यांनाही त्याच भिंतीपाशी नेलं. ते चालत आले खरे, पण बघत होते लाडवांकडे. भिंतीपलीकडे कबुतरं घुमत होती.

"अहाहा! भट्टीची घरघर ऐकू येतेय," पंत मान डोलावून म्हणाले. "चालू धंदा आहे. चालू धंद्याला हात लावायची कुणाची छाती आहे?"

हौसाने पदर तोंडात कोंबून हसू दाबलं.

तिसरा कुशाबा. हा बाजारात एका ओट्यावर बसायचा. तिरसट म्हणून त्याच्याकडे फारसं कुणी जायचं नाही, कारण तो प्रश्न विचारायचा! तो आला, भिंतीवरून हात फिरवला, खाली वाकून एक पीस उचललं आणि भडकला.

"माझी थट्टा करायला आणलंत का, बाई? भट्टीच्या भिंतीला काजळी असते. इथे नुसती कबुतरांची घाण! हा राजांचा कबुतरखाना आहे. भट्टी दाखवायची असेल तर दाखवा, नाहीतर मी चाललो!"

"दाखवते. पण मुदत मिळेल ना?"

"पट्टा वाचल्याशिवाय काय सांगू? मी काय भविष्य सांगतो?"

हौसाने आनंदाने लाडू पुढे केला.

"लाडू राहू द्या. पट्टा आणा!"

त्याने भट्टी पाहिली, पट्टा वाचला. मुदत सरण्याआधी मागणी केली आणि भट्टी चालू असली, तर आणखी तेवढीच मुदत द्यावी, असं जुन्या राजांनीच लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हौसा कुशाबाला घेऊन दरबारात हजर झाली.

"हा जाणकार?" राजांनी नाक मुरडलं. "शास्त्रीबुवा आणि पंत असताना हा ओट्यावरचा? खोटा!"

"मग त्या दोघांनाच विचारा, महाराज. माझी जागा बघून गेलेत ते."

शास्त्रीबुवा पोट सावरत उठले. "या डोळ्यांनी पाहिली, महाराज! जागा निर्विवाद हिचीच."

"छातीठोक सांगतो," पंत म्हणाले, "तिथे खुद्द महाराजांचाही हक्क चालायचा नाही!"

राजे चपापले. "शपथेवर सांगता?"

"शपथेवर!" दोघेही एकदम म्हणाले.

हौसाने हात जोडले. "महाराज, बाहेर शास्त्रीबुवांचे भोई उभे आहेत. मेणा कुठे नेला होता, ते त्यांनाच विचारा."

भोई आत आले. "मागच्या बोळात, सरकार. कबुतरखान्यापाशी."

शास्त्रीबुवा मटकन खाली बसले. पंत खांबाआड सरकले.

"पंतांनाही मी तिथेच नेलं होतं. आता तुम्हीच ठरवा, महाराज!" हौसाचा आवाज चढला. "हे दोघे खरे असतील, तर कबुतरखाना माझा. आजच कबुतरं हलवा, उद्या मी तिथे भट्टी पेटवते! आणि हे खोटे असतील, तर माझा कुशाबा खरा. काजळी कुठली आणि घाण कुठली, एवढं तरी त्याला कळतं!"

राजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं आणि जे हसत सुटले, ते पगडी घरंगळेपर्यंत!

"नको बाई, माझी कबुतरं आहेत तिथेच राहू देत! दिली मुदत! आणि धुराडं उंच बांधून देतो, दरबारच्या खर्चाने. बक्षीस काय हवं?"

"शास्त्रीबुवांचा मेणा," हौसा म्हणाली. "बुवा जमिनीचे जाणकार आहेत, महाराज. जरा जमिनीशी ओळख होऊ दे त्यांची!"

आजही त्या मेण्यातून चुरमुऱ्यांची पोती ऐटीत बाजाराला जातात. शास्त्रीबुवा मागून चिखल तुडवत येतात.