मागाल तेवढंच वाढू

फार पूर्वी, माणसांच्या पोटापेक्षा त्यांच्या मिशांना जास्त भूक लागायची त्या काळी, एका गावात साळूबाई नावाची आचारीण राहत होती. तिच्या हातची आमटी एकदा चाखलेला माणूस दुसरीकडे जेवायला बसला की उगाच उसासे टाकायचा.

त्या गावची आणि आसपासच्या गावांचीही एक रीत होती. पंगतीत पाहुण्याने "नको, नको" म्हणायचं आणि यजमानाने त्याचे हात बाजूला सारून आणखी चार जिलब्या वाढायच्या. पाहुणा उठताना पानात जितकं जास्त उरेल, तितकं यजमानाचं नाव मोठं. पान स्वच्छ करून उठणारा पाहुणा हावरट ठरे, आणि आग्रह न करणारा यजमान चिक्कू.

मग ते उष्टं जायचं कुठे? गावाला पाणी पाजणाऱ्या एकुलत्या एका झऱ्याच्या वरच्या अंगाला घळ होती, तिच्यात. तिथे ते कुजायचं आणि झऱ्याच्या पाण्याला वास मारायचा. दोन लग्नांच्या मधल्या काळात झरा कसाबसा निवळायचा. त्या वर्षी मात्र लग्नं पाठोपाठ आली आणि झरा निवळलाच नाही. बायकांना डोंगरापलीकडून घागरी आणाव्या लागत होत्या. गाव सोडून जाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, पण आग्रह सोडावा असं काही कुणाच्या डोक्यात येईना!

अशात पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं. पाटील साळूबाईला सांगायला आले, "दोनशे पानं होतील. चारशेंचं रांधा."

"बाकीच्या दोनशेंचं जेवणार कोण?"

"जेवायला कशाला हवं? पानात दिसायला हवं!"

साळूबाईने हातातला झारा खाली ठेवला. "पाटील, मी दोनशेंना दोनशेंचंच रांधीन. पहिलं वाढप थोडं थोडं. मग ज्याने मागावं त्याला पोटभर, पण आग्रह कुणी करायचा नाही. एक जरी माणूस उपाशी उठला, तरी पुन्हा या गावात मी झारा धरणार नाही."

पाटील नाही म्हणणार, तेवढ्यात त्यांच्यामागून आलेली मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाचं उष्टं आपल्या झऱ्यात जाणार असेल, तर मला ते लग्न गोड लागायचं नाही." लेकीपुढे पाटलांचं काय चालणार?

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या आणि पंगत बसली. मानाच्या पानावर नवरदेवाचे मामा होते. पहिलं वाढप त्यांनी चार घासांत संपवलं. वाढपी जिलबी घेऊन आला. मामांनी रीतीप्रमाणे दोन्ही हात पानावर आडवे धरले. "नको, नको!"

वाढपी मान लववून पुढे गेला.

मामांचे हात तसेच राहिले. मग मसालेभात आला. "नको, नको!" भातही पुढे गेला. मामांचं बघून सगळं वऱ्हाड "नको, नको" म्हणत होतं आणि सगळ्यांची पानं मोकळी होती. मामांचा चेहरा लालबुंद झाला. "हाच का आमचा मान?" असं म्हणत त्यांनी उठायला जमिनीवर हात टेकला. मामा उठले की वऱ्हाड उठणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पाटील चुलीकडे धावले. "साळूबाई, त्यांच्या पानात चार जिलब्या टाका! पाया पडतो तुमच्या!"

चार जिलब्या टाकल्या असत्या तर लग्न शांतपणे पार पडलं असतं. पण एकाला आग्रह केला की दोनशेंना करावा लागतो, हे साळूबाई जाणून होती. ती परात घेऊन स्वतः मामांपुढे गेली.

"मामासाहेब, जिलबी आत्ताच कढईतून काढली आहे. म्हणाल तितकी वाढते, पण म्हणायचं तुम्ही. पानात टाकलेलं आमच्या झऱ्यात जातं हो, आणि ते पाणी आमची लेकरं पितात."

मामांनी परातीकडे पाहिलं, वऱ्हाडाकडे पाहिलं, पुन्हा परातीकडे पाहिलं. जिलबीचा वास काही कुणाची भीड ठेवत नाही.

"आठ वाढा!" मामा गरजले. "जन्मात पहिल्यांदा मागून खातोय. बघू तरी कसं लागतं!"

पंगत खो खो हसली. मग काय विचारता! "इकडे भात!" "मठ्ठा आणा!" वाढप्यांचे पाय ठरेनात. शेवटी मामांनी आपलं केळीचं पान सगळ्यांना दिसेल असं उचलून धरलं. "बघा, एक शीत नाही!" लगेच ज्याने त्याने आपलं पान मिरवलं. दोनशेंचं रांधलेलं दोनशेंना पुरून उरलं. एरवी वाजंत्र्यांच्या वाट्याला तळाचं गार यायचं, त्या दिवशी तेही मानाने पंगतीला बसले आणि गरम गरम जेवले. रिकामी पानं गुरांनी खाल्ली. घळीत काहीच गेलं नाही.

त्यानंतरच्या लग्नांतही लोक मागून जेवू लागले. पाऊस आला, घळ धुऊन निघाली आणि झऱ्याच्या तळाचे खडे दिसू लागले. गावातल्या बायकांनी नितळ पाण्याची पहिली घागर वाजतगाजत साळूबाईच्या दारी नेली. पुढे पाटील चालले होते आणि त्यांच्या शेजारी, खास त्यासाठी आपल्या गावाहून आलेले मामा.

तात्पर्य: पानात टाकलेलं अन्न शेवटी आपल्याच पाण्यात उतरतं, तेव्हा भूक असेल तेवढं न लाजता मागा आणि मागितलेलं संपवा.