स्लॅबखालची खुर्ची

आमच्या अंगणवाडीचा स्लॅब नुकताच भरला होता, तरी सरपंच तात्यासाहेबांना उद्याच उद्घाटन हवं होतं. माझी चिमी त्याच स्लॅबखाली बसणार, म्हणून माझ्या जिवाचं नुसतं पाणी पाणी झालं.

गावचीच लेक वैजयंता, आता इंजिनियर झालेली, म्हणाली, "स्लॅब अजून कच्चा आहे, टेकू काढू नका."

तात्या गरजले, "पोरी, तुझ्या बापाला तेव्हाच सांगितलं होतं, हे बायकांचं काम नव्हं. काढा टेकू!"

"काढूया की, तात्या," वैजयंता म्हणाली. "पण पहिला मान तुमचा. स्लॅबखाली मधोमध खुर्ची मांडते. तुम्ही बसून नारळ फोडा, की लगेच गडी टेकू काढतील."

खुर्ची आली. तात्यांनी एकदा वर बघितलं आणि ते हळूच बाहेर सरकले.

"वैजयंताताई," ते म्हणाले, "टेकू कधी काढायचे, ते तुम्हीच सांगा."